बसूची अर्धी डिस्क

माझ्या बायकोला कुणी विचारलं की तुमचे मिस्टर काय करायचे, तर ती सांगते, "राजारामपुरीत कॉम्प्युटरचं दुकान होतं. आणि उरलेल्या वेळात फुकटची कुलपं करायचे." पाहुणा "असं होय" म्हणतो आणि चहाच्या कपाकडे वळतो. तिचं काही चुकत नाही. दुकानावर आमचं घर चाललं, पण आता दुकान बंद करून घरी बसल्यावर मला आठवतात ती कुलपंच, आणि कुलपांपेक्षाही ती माझ्याबरोबर करणारा बसू.

बसू म्हणजे बसवराज. गडहिंग्लजचा, एका खासगी पॉलिटेक्निकमध्ये मास्तर. घरात कानडी, बाहेर मराठी आणि वर्गात इंग्रजी बोलायचा, आणि तिन्ही भाषांत सारखाच हळू. लग्न केलं नव्हतं. दुकानाजवळच खोली घेऊन राहायचा. तो पहिल्यांदा आला तो जुना मॉनिटर दुरुस्त करून घ्यायला, आणि गप्पा मारत बसला तो पुढं वर्षानुवर्षं बसतच राहिला. कॉलेज सुटलं की थेट दुकानात. माझ्या गिऱ्हाइकांना तो नोकर वाटायचा, आणि तोही न सांगता त्यांचे माउस साफ करून द्यायचा.

कुलपाचं खूळ त्याचंच. नव्वदचं दशक सरत आलं होतं. एका वकिलांच्या ऑफिसातून संगणक चोरीला गेला. वकिलांना संगणकाचं दुःख नव्हतं, त्यात अशिलांचे कागद होते त्याचा घोर होता. मी म्हटलं, पासवर्ड आहे ना, मग कशाला काळजी? बसूनं माझ्यासमोर एका संगणकातली डिस्क काढली, दुसऱ्याला जोडली आणि पासवर्ड न देता सगळ्या फायली उघडून दाखवल्या. मी दुकानदार असून माझा चेहरा पडला. दाराला भलंमोठं कुलूप आणि मागच्या बाजूला भिंतच नाही, असा तो प्रकार होता.

त्यावर उपाय एकच. डिस्कवर जे लिहायचं तेच गणितानं असं घुसळून लिहायचं की पासवर्डाशिवाय ते कुणाला वाचताच येऊ नये. तसा प्रोग्रॅम आम्ही दोघांनी लिहिला. नाव ठेवलं 'कडी'. तो इंटरनेटवर टाकला, आणि नुसता प्रोग्रॅम नाही, तो ज्या ओळींचा बनला त्या सगळ्या ओळीही टाकल्या. कुणीही वाचाव्यात, चूक दिसली तर कळवावी, पाहिजे तर बदल करून वापराव्यात. याला ओपन सोर्स म्हणतात. दुकानात येणाऱ्यांना हे अजिबात पटायचं नाही. एक गिऱ्हाईक म्हणाले, "कुलपाची आतली रचना चोरालाच दावताय व्हय?"

बसू म्हणाला, "रचना कळली की जे उघडतं ते कुलूपच न्हवं, पावणं. रचना समद्यांची, किल्ली ज्याची त्याची."

हळूहळू परदेशातून मेल यायला लागले. डायल-अपचं मोडेम किरकिरायचं, फोन अडकून पडायचा, आणि बायको घरून ओरडायची की दुकानाचा फोन लागत नाही. प्रोग्रॅममध्ये मधेमधे स्वतःसाठी टिपणं लिहून ठेवायची पद्धत असते. बसू ती मराठीतच लिहायचा, अक्षरं तेवढी इंग्रजी. 'सुभाष, इथं हात लावू नको. लावलास तर मला सांग.' असं एके ठिकाणी माझ्यासाठी लिहिलेलं होतं. आम्हाला वाटायचं, हे आपल्याशिवाय कोण वाचतंय? युरोपातल्या एका गृहस्थांनी ते वाचलं आणि अत्यंत अदबीनं विचारलं की हा सुभाष म्हणजे कोणतं गणिती तत्त्व आहे, आम्हाला त्याचा संदर्भ मिळाला नाही. बसू हसून हसून खुर्चीतून घसरला. पुढं कित्येक दिवस तो मला 'तत्त्व' म्हणून हाक मारायचा.

याच गृहस्थांनी आणखी एक शंका काढली होती. भरलेल्या डिस्कला कडी लावायची तर प्रोग्रॅम सुरुवातीपासून थोडा थोडा भाग उचलतो, घुसळतो, परत जागेवर ठेवतो. याला बरेच तास लागतात. बसूनं अशी व्यवस्था केली होती की प्रत्येक तुकडा झाला की कुठवर आलो याची खूण दोन ठिकाणी करून ठेवायची, म्हणजे मधेच संगणक बंद पडला तरी काही बिघडत नाही. जेवढं झालं तेवढं कुलपात, उरलेलं उघडं, आणि पासवर्ड दिला की काम तिथून पुढं चालू. गृहस्थांचं म्हणणं, एवढा खटाटोप कशासाठी? ऐन कामात प्लग कोण काढतं? बसूनं उत्तर लिहिलं, 'आमच्याकडे त्याचं वेळापत्रक असतं.' लोडशेडिंग काय असतं हे त्यांना कळेना. पण पुढं कुठल्या कुठल्या देशांतून आभाराचे मेल आले ते या खुणेसाठीच. वीज सगळीकडेच जाते, फक्त आम्ही तिच्या जाण्याला धरून चाललो होतो.

आणि आमचा एक नियम होता. नवी आवृत्ती लोकांना द्यायच्या आधी ती स्वतःच्या डिस्कवर लावायची, आणि तीही रिकाम्या नाही, आपल्या जिवाच्या गोष्टी असलेल्या डिस्कवर. नियम बसूचा. "रिकाम्या डिस्कवर आपला हात थरथरत न्हाय," तो म्हणायचा. "हात थरथरला तरच नीट तपासून हुतंय."

गिऱ्हाइकांत कबनूरचे एक यंत्रमागवाले होते. साडीच्या काठाची नक्षी संगणकावर काढायचे, आणि शेजारी नक्षी चोरतात म्हणून त्यांनी कडी लावून घेतली. गणपतीत चार लोकांची घरात ये-जा म्हणून पासवर्ड बदलला आणि गणपती विसर्जन होईपर्यंत तो साफ विसरले. दुकानात आले ते आवाज चढवतच.

"कुलूप तुमचंच न्हवं?"

"आमचंच."

"मग उघडा की!"

"किल्ली तुमची आहे, आमच्याकडे नसते."

"अवो, कुलूप करणाऱ्याला किल्ली न्हाय? कसला धंदा म्हनायचा ह्यो?"

बसूनं त्यांना बसवून चहा दिला, दोन तास त्यांच्याकडून आठवून घेतलं, पण आठवलं नाही. मेव्हण्याकडे जुनी प्रत होती तेवढीच त्यांच्या हाती लागली. पुढं ते रस्त्यात दिसले तरी मान फिरवायचे.

ते गेल्यावर मी बसूला म्हटलं, आपण एक जादा किल्ली ठेवू. सगळ्या कुलपांना लागेल अशी, फक्त आपल्या दोघांकडे. बसूनं मान हलवली.

"उद्या कोन दांडगा मानूस दुकानात यून बसला आणि किल्ली मागितली, तर?"

"मी नाही देणार," मी छाती काढून म्हणालो.

"मी देईन की," बसू म्हणाला. "मी भित्रा हाय. म्हनूनच किल्ली नको."

भित्रेपणाचा असा उपयोग करणारा माणूस मला परत भेटला नाही. त्याच्या त्या वाक्यावर शेकडो अनोळखी माणसांचे कागद सुरक्षित राहिले असतील. पण तेच वाक्य पुढं माझ्या गळ्याशी आलं.

बसू अचानक गेला. दुपारी कॉलेजातच छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. त्याला हार्ट-बिर्ट काही आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं, त्यालाही नसावं. अंत्यविधी गडहिंग्लजला झाला. थोरली बहीण गिरिजाक्का आणि तिचे यजमान येऊन त्याच्या खोलीतलं सामान घेऊन गेले. संगणकही गेला.

दुकानातली त्याची खुर्ची मी काही दिवस उचलून माळ्यावर ठेवली, मग परत खाली आणली. कडीचं काम आता एकट्यावर आलं. सांभाळणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. सॉफ्टवेअर सांभाळायचं म्हणजे जुन्या ओळी काढायच्या आणि नव्या घालायच्या. त्या युरोपातल्या गृहस्थांनीच एक दुरुस्ती पाठवली. चोख होती, बसूनं पाहिली असती तर टाळी दिली असती. पण ती घेतली की 'इथं हात लावू नको' ही ओळ असलेला सगळा भाग जाणार होता. मी आठवडाभर उत्तर दिलं नाही. शेवटी घेतली. लावलास तर मला सांग, असं त्यानं लिहिलं होतं, म्हणून रिकाम्या दुकानात खुर्चीकडे बघून मी मोठ्यानं सांगितलं, "बसू, हात लावतोय रे." हे मी आजपर्यंत बायकोलाही सांगितलेलं नाही, आता छापून आल्यावर वाचेल.

त्यानंतर काही महिन्यांनी गिरिजाक्का दुकानात आल्या. गडहिंग्लजहून एसटीनं, मांडीवर बसूचा संगणक घेऊन. त्यांच्या घरी मिरचीचा व्यापार. संगणकाला धक्का लागू नये म्हणून मिरचीच्या पोत्यात गुंडाळला होता. मी तो टेबलावर ठेवून चालू केला आणि आतला पंखा फिरला मात्र, दुकानातली सगळी माणसं शिंकायला लागली. अक्कासुद्धा शिंकता शिंकता हसल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "तम्मा, ह्यात आमच्या अव्वाचं गानं हाय. तेवढं काढून दे."

धाकट्या भावाला कानडीत तम्मा म्हणतात. मला असं कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं.

हकीकत अशी. त्यांच्या आईला हळदीच्या वेळची कानडी गाणी यायची, त्यांना सोबाने म्हणतात. त्यांतलं एक लांबलचक गाणं फक्त तिलाच पूर्ण येत होतं. बसूनं ते कॅसेटवर घेतलं होतं. आई गेली. कॅसेटला बुरशी धरायला लागली तेव्हा त्यानं ते संगणकात उतरवलं, कॅसेट पुढं वाजेनाशीच झाली. आणि आता अक्कांच्या मुलीचं, शैलाचं, लग्न ठरलं होतं.

"पोरीला मामा एकुलता एक," अक्का म्हणाल्या. "त्यो तर गेला. आज्जीबी न्हाय. माझ्या माहेरचं म्हनून त्या मांडवात काय असनार, सांग? निदान अव्वाचं गानं तरी पायजे. मला निम्मंच येतंय."

मी फायली बघायला गेलो. संगणकात दुसरी डिस्क होती, आणि तिच्यावर क्लिक केल्यावर आमच्या कडीची चौकट समोर आली. पासवर्ड टाका. चौकटीचा रंग मीच निवडला होता.

आमचा नियम मला आठवला. नवी आवृत्ती आधी स्वतःच्या डिस्कवर, जिवाच्या गोष्टी असलेल्या. आईच्या गाण्यापेक्षा जिवाचं त्याच्याकडे दुसरं काय होतं?

"अक्का, याला कुलूप आहे."

"तूच केलंयस न्हवं? मग काढ."

कबनूरच्या माणसाला जे सांगितलं होतं ते अक्कांना सांगताना माझी जीभ उचलेना. तरी सांगितलं. खुर्ची टेबलाजवळ ओढून त्या म्हणाल्या, "आपन वळखू की पासवर्ड. माझा भाऊ हाय त्यो."

मग त्या एकेक सांगायला लागल्या आणि मी टाकायला लागलो. देवाचं नाव. आईचं. शैलाचं. "आमच्या म्हशीचं घाल, चंद्री. लई जीव हुता त्याचा." चोरानं भराभर पासवर्ड टाकून बघू नयेत म्हणून प्रत्येक पासवर्ड तपासायला मुद्दाम वेळ लागावा, ही सोय माझी. बसूनं तिचं फार कौतुक केलं होतं. आता प्रत्येक नावानंतर आम्ही दोघं त्या चौकटीकडे बघत बसायचो, अक्का हात जोडून, आणि मग 'चुकीचा पासवर्ड' यायचं. संध्याकाळची शेवटची गाडी गाठायची म्हणून त्या उठल्या. जाताना म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे इथंच. तुला सुचंल कायतरी." त्यांच्या त्या विश्वासाचा मला राग आला, आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी उगाच हाताला चाळा म्हणून मी ती डिस्क कच्च्या स्वरूपात बघायला घेतली, म्हणजे फायलींच्या नावागावाशिवाय नुसती अक्षरं. कुलपातल्या डिस्कवर सगळीकडे एकसारखा कचरा दिसतो, मोहरी सांडल्यासारखा. मी खाली खाली जात राहिलो. मोहरी, मोहरी, मोहरी. आणि मधेच स्वच्छ इंग्रजीत दिसलं, कोणतेही तीन प्रश्न सोडवा.

पॉलिटेक्निकचा पेपर! मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. कडी पूर्ण लागलेलीच नव्हती. गेला त्या दिवशी सकाळी कॉलेजला निघताना त्यानं काम चालू करून दिलं असणार, मधे वीज गेली असणार, आणि ती परत आल्यावर पासवर्ड देऊन काम पुढं न्यायला तो परतलाच नाही. डिस्कचा मागचा भाग तसाच उघडा होता.

फायलींची यादी सुरुवातीच्या भागात असते, ती कुलपात गेलेली. त्यामुळे कुठली फाइल कुठं, याचा पत्ता नाही. पण गाण्याच्या बाबतीत बसू हट्टी होता. जागा वाचवायला आवाज दाबून ठेवतात, तसं तो करायचा नाही. "दाबलं की आवाजातलं कायतरी जातंय," म्हणायचा. न दाबलेला आवाज तुकडा मिळाला तरी वाजवता येतो. मी उघड्या भागातला तुकडा न् तुकडा वाजवून बघायला लागलो. बहुतेक नुसती खरखर. मग एका तुकड्यात खरखर थांबली आणि एक म्हातारी बाई खोकली.

अक्कांना फोन करून बोलावून घेतलं. जे सापडलं होतं ते तीन तुकडे, मागचा पुढचा पत्ता नसलेले. पहिल्यात खोकला आणि कुठंतरी कुकरची शिट्टी. दुसऱ्यात गाणं, मधूनच सुरू होऊन मधेच तुटणारं. अक्का स्पीकरला कान लावून बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. मला कानडी येत नाही, पण त्या आवाजाला वळण बसूचंच होतं.

तिसऱ्या तुकड्यात बसू बोलला.

मी तो तुकडा आधी ऐकला होता तरी आवाज आणखी वाढवला. तसाच हळू, हसत हसत, कानडीत काहीतरी दोन वाक्यं. अक्का एकदम सरळ बसल्या आणि स्पीकरलाच म्हणाल्या, "मुडद्या, निम्मं व्हय?"

आणि तोंडावर हात ठेवला. मुडद्या. बहिणी सहज म्हणतात तसं त्या म्हणून गेल्या होत्या. मग पदरानं डोळे पुसून मला सांगितलं, "अव्वाला म्हंतोय, सगळं म्हन, अक्काला निम्मंच येतंय, शैलीच्या लग्नात फजिती हुईल तिची."

तो तुकडा आम्ही किती वेळा ऐकला ते सांगत नाही. अक्कांनी सांगितलं, गाण्यात एकेक नातलग येऊन नवरीला हळद लावतो, आई, बाप, आत्या. त्याच्यापुढं मामाचं कडवं येतं, आणि ते कडवं कुठल्याच तुकड्यात नव्हतं. ते कुलपाच्या बाजूला राहिलं. डिस्क माझ्याकडे अजून आहे. नव्या संगणकांवर अधूनमधून आठवतील ती नावं टाकून बघतो. उघडत नाही. आमच्या कामात खोट नाही, याचा मला अभिमान आहे, आणि एखादी खोट राहिली असती तर बरं झालं असतं असंही वाटतं. ही दोन्ही मतं माझीच आहेत आणि त्यांचं आपसात जमत नाही.

निघताना अक्का म्हणाल्या, "मामा म्हनून पोरीच्या मागं तू हुबा ऱ्हा, तम्मा."

मी गेलो. हळदीला मांडवात बायका बसल्या होत्या, अक्का पुढं. तुकड्यांतलं त्यांनी तोंडपाठ केलं होतं, आणि निम्मं त्यांना एरवीही येत होतं. आई झाली, बाप झाला, आत्या झाली. मग गाणं थांबलं. मामाच्या कडव्यात, जो मामा म्हणून समोर असतो त्याचं नाव घेतात. एका म्हातारीनं माझ्याकडे बघून विचारलं, "पावणं, नाव काय घ्यायचं तुमचं?"

अक्का खाली मान घालून हळदीच्या वाटीकडे बघत राहिल्या.

मी म्हटलं, "बसवराज घ्या."

अक्कांनी मान वर केली. मग ते कडवं त्यांनी स्वतःच रचून म्हटलं, अर्धं कानडी, अर्धं मराठी, तालात न बसणारं. बायकांनी ते उचललं. बसवराज मामा आला, असं गात त्यांनी माझा हात धरला आणि हळदीत बुडवला.